गळके ऑईल सील

इंजिनातला शाफ्ट जिथून बाहेर येतो, तिथे ऑईल आत राखण्याचे काम ऑईल सील करते. पत्र्याच्या कड्यावर रबर, आतल्या बाजूला पातळ ओठ आणि तो ओठ शाफ्टवर दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग, एवढीच त्याची रचना. जुन्या मोटारसायकलवर बहुधा आधी जाते ते चेन स्प्रॉकेटमागचे सील.

छत्रपती संभाजीनगरात या दुरुस्तीला तोटा नाही. शेजारच्या वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला; याच कंपनीची 1997 ची बॉक्सर आणि 2004 ची सीटी 100 अजूनही रस्त्यावर दिसतात. इतक्या वर्षांत इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होते. त्यात मराठवाड्यातली धूळ चेनच्या ऑईलला चिकटते आणि ओठाखाली शिरून पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

गळती नेमकी कुठली, हे आधी ठरवावे लागते. डाग जिथे दिसतो तिथूनच ऑईल येते असे नाही. चालत्या गाडीत वारा ते मागे नेतो, आणि साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकल्याने सगळे स्प्रॉकेटच्या बाजूला जमते. पुष्कळदा तर ते चेनला घातलेलेच ऑईल असते. यावर सोपा उपाय म्हणजे तो भाग रॉकेलने धुऊन कोरडा करायचा, वर टाल्कम पावडर भुरभुरायची आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचे. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ जिथून निघते, ते सील गेलेले.

स्प्रॉकेट काढल्यावर जुने सील स्क्रू ड्रायव्हरने उचकटता येते, मात्र शाफ्टला ओरखडा जाता कामा नये. काही गाड्यांत किनारीचे सील आतून बसवलेले असते. तिथे इंजिन उघडण्यावाचून इलाज नाही. सीलवर 20×35×7 अशा धर्तीचे आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. नवे सील त्याच मापाचे घ्यावे. स्प्रिंगची बाजू आत, ऑईलकडे. ओठाला ऑईल लावून, शाफ्टच्या दात्यांवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून सील सरकवतात आणि त्याच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या गोटी पान्याने हलके ठोकत सरळ बसवतात. तिरके बसले तर ते वाया गेले.

नवे सील महिन्याभरात पुन्हा गळू लागले की दोष बहुतेक वेळा मालाला दिला जातो. खरे कारण सहसा शेजारीच असते. शाफ्टवर किंवा त्यावरच्या बुशवर नख फिरवले असता खाच लागली, तर बुश बदलावे लागते, आतल्या ओ-रिंगसकट. चेन फार ताणलेली असेल तर शाफ्ट ओढला जाऊन बेअरिंग झिजते आणि ओठ एका बाजूने उघडा पडतो. ब्रीदर पाइप तुंबला किंवा ऑईल खुणेच्या वर भरले, तरी आतला दाब ते बाहेर ढकलतो.

कावासाकी बजाज केबी 100 सारख्या टू-स्ट्रोक गाडीत मात्र जमिनीवर थेंबही न पडता सील गेलेले असू शकते. क्रँकचे क्लचकडचे सील फाटले की गिअर ऑईल आत ओढले जाऊन जळते. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि ऑईलची पातळी गुपचूप उतरते. मॅग्नेटकडचे गेले तर हवा शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि इंजिन तापते.