अपूर्णांकांचा सराव : पावकी-निमकीपासून समच्छेदापर्यंत

दोन एकर दहा गुंठे जमिनीची तीन भावंडांत समान वाटणी करावयाची आहे, अशी कल्पना करावी. घरातील आठवीत शिकणारा मुलगा वही पुढे ओढतो, क्षेत्र २.१० असे मांडतो, त्यास तिनाने भागतो आणि प्रत्येकाच्या वाट्यास ०.७० एकर, म्हणजे अठ्ठावीस गुंठे येतात, असे सांगतो. भागाकार बिनचूक आहे. उत्तर मात्र चुकीचे आहे. एकराचे गुंठे चाळीस, म्हणून दहा गुंठे म्हणजे पाव एकर. क्षेत्र सव्वादोन एकर, अर्थात नव्वद गुंठे. आणि एकेकाचा वाटा तीस गुंठ्यांचा, म्हणजे पाऊण एकर. तिघांचे मिळून सहा गुंठे कागदावरच नाहीसे झाले.

इयत्ता पाचवी ते आठवीच्या गणितात अपूर्णांकांना जे स्थान आहे ते एवढ्यासाठीच. शेकडेवारी, व्याज, गुणोत्तर-प्रमाण आणि पुढे बीजगणित यांची उभारणी याच पायावर होते. हा पाया अनेक ठिकाणी कच्चा आहे, हे मान्य केले पाहिजे. ग्रामीण भारतातील मुलांच्या शैक्षणिक स्थितीविषयीच्या ‘असर’ या २०२४ च्या पाहणीत, तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण आठवीच्या निम्म्याहून कमी मुलांना सोडविता आले. ज्यांची पूर्णांकांच्या भागाकाराशीच ओळख अपुरी, त्यांना लसावि काढून समच्छेद करावयास सांगणे म्हणजे जोत्याशिवाय भिंत बांधणे होय.

ही अडचण केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. अमेरिकेत १९७८ साली झालेल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ व ७/८ यांच्या बेरजेचा अदमास विचारण्यात आला होता. १, २, १९ व २१ असे पर्याय समोर होते. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एकेक असल्याने उत्तर २ हे उघड होते. तथापि ते निवडणारी मुले एक चतुर्थांशाहूनही थोडी कमीच निघाली. बहुसंख्य मुलांनी अंशांची किंवा छेदांची बेरीज करून १९ अथवा २१ निवडले. अपूर्णांक ही एक संख्या आहे, तिला काही आकारमान आहे, ही जाणीवच तेथे नव्हती.

मराठी मुलाजवळ ही जाणीव शाळेत येण्यापूर्वीच थोडीफार असते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द तो घरातच शिकतो. पावणेतीन म्हणजे तिनास पाव कमी, हे ज्याला कळते त्याने ३ वजा १/४ हे उदाहरण नकळत सोडविलेलेच असते. दीडशे, अडीचशे, पावणेदोनशे या शब्दांत तर अपूर्णांकाचा गुणाकारच दडलेला आहे. पूर्वीच्या अंकलिपीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि साडेतीनपटीची औटकी असे पाढे असत. आठाची पाऊणकी सहा, हे तोंडपाठ असलेल्यास ८ × ३/४ हे नवे वाटण्याचे कारण नव्हते.

१ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने-मापे आली आणि सोळा आण्यांच्या रुपयाबरोबर या पाढ्यांची रोजची गरजही संपली. चार आण्यांचे, म्हणजे पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले. दशमान पद्धत निःसंशय सोयीची आहे. जुने पाढे सरसकट पुन्हा घोकून घ्यावेत, असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु व्यवहाराने जे काम आपोआप केले ते आता वर्गात जाणीवपूर्वक करावे लागणार, एवढे खरे.

घरच्या शब्दांची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. ते बहुतेक अर्ध्या-पावांचे आहेत. १/३, १/५, १/७ यांसाठी बोलीत तसे सुटसुटीत शब्द नाहीत, आणि वर्गात हे अपूर्णांक ‘एक छेद तीन’, ‘दोन छेद पाच’ असे वाचले जातात. या वाचनातून दोन सुट्या अंकांचा भास होतो, आकारमान हरवते. ‘तीन समान भागांपैकी एक’ असे काही दिवस तरी म्हणवून घेणे हिताचे.

१/२ + १/३ = २/५ ही चूक शिक्षकांच्या परिचयाची आहे. तेथे नियम पुन्हा सांगण्याऐवजी प्रथम विचारावे : अर्ध्यात काही मिळविले, तर उत्तर अर्ध्याहून लहान येईल काय? २/५ तर अर्ध्याहून लहान आहे. मग बारा सेंटिमीटर लांबीची कागदी पट्टी घ्यावी. तिचा अर्धा भाग सहा सेंटिमीटर, तिसरा भाग चार सेंटिमीटर. दोन्ही मिळून दहा. बारांपैकी दहा, म्हणजे ५/६. समच्छेद करणे म्हणजे दोन्ही भाग एकाच मापाने मोजणे, हे पट्टीवर डोळ्यांना दिसते. भागाकाराचेही तसेच. तीन लिटर दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या किती, असे विचारल्यास मूल चटकन सहा म्हणते. ३ ÷ १/२ असे लिहिले की तेच मूल थबकते, कारण भागाकाराने संख्या लहानच होते अशी त्याची समजूत असते.

सराव रोज थोडा, दहा-पंधरा मिनिटांचा असावा. वीसपर्यंतचे पाढे त्यात आलेच. ते अडखळत असतील तर लसावि काढतानाच मुलाची शक्ती संपते. एकाच प्रकारची वीस उदाहरणे घातली की सहावे उदाहरण हात सोडवितो, डोके नव्हे. म्हणून बेरीज, तुलना, गुणाकार यांची सरमिसळ करावी, मागील महिन्यातील दोन उदाहरणे त्यात घालावीत आणि आकडेमोडीपूर्वी उत्तराचा अदमास समासात लिहून घ्यावा.

दशांश अपूर्णांकांत ०.२५ हे ०.५ पेक्षा मोठे मानणारी मुले प्रत्येक वर्गात आढळतात. ती पंचवीस आणि पाच यांची तुलना करीत असतात. अशा वेळी ‘पाव मोठा की अर्धा?’ एवढा एकच प्रश्न बहुधा पुरेसा होतो. २.५ रुपये म्हणजे दोन रुपये पाच पैसे नव्हेत, आणि दोन एकर दहा गुंठे म्हणजे २.१० एकर नव्हेत, ही दोन उदाहरणे त्याच तासाला शेजारी शेजारी फळ्यावर मांडता येतील.