एक मिलियन व्ह्यूज, पट्टी किती?

लातूरच्या गंजगोलाईत चहा पिताना किंवा नांदेडच्या वजिराबादेत मोबाइलच्या दुकानापुढे उभं असताना एखादं रील निघतं आणि कुणीतरी म्हणतंच, ‘लेका, याला एका व्हिडिओचे लाख मिळतात!’ दुसरा आकडा दुप्पट करतो, तिसरा त्याच्या गाडीची किंमत सांगतो. सोयाबीनबद्दल मात्र हीच माणसं इतक्या सैल हाताने बोलत नाहीत. सौद्यात निघालेला भाव वेगळा आणि हमाली-तोलाई वजा होऊन हातात पडणारी पट्टी वेगळी, हे तिथे पोरासोरांनाही कळतं. व्हिडिओच्या धंद्यातही पट्टीच बघावी लागते.

गैरसमज : व्ह्यूजचा दर ठरलेला असतो.

वस्तुस्थिती : यूट्यूब व्ह्यूजचे पैसे देत नाही, जाहिरातीतला वाटा देतं. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरात-उत्पन्नातले 55 टक्के निर्मात्याचे, 45 टक्के कंपनीचे. शॉर्ट्सचा हिशेब निराळा आहे. तिथे जाहिरातींचा पैसा आधी एका सामायिक गल्ल्यात जमतो, गाणी वापरली असतील तर त्यांच्या हक्कांचा भाग बाजूला निघतो आणि निर्मात्याच्या नावे पडलेल्या रकमेतले 45 टक्के त्याला मिळतात.

जाहिरातीची किंमतही सगळीकडे सारखी नसते. कर्ज, विमा, गुंतवणूक यांवर बोलणाऱ्याला मिळणारी जाहिरात विनोदी रीलवाल्याला मिळेलच असं नाही. अमेरिकेतल्या प्रेक्षकासाठी जाहिरातदार जे मोजतो, ते देगलूर किंवा औशाच्या प्रेक्षकासाठी मोजत नाही. म्हणून दोन चॅनेलांचे व्ह्यूज सारखे असले, तरी कमाईत कितीतरी पटींचा फरक पडू शकतो. सबस्क्राइबर वाढला म्हणून वेगळा रुपया मिळत नाही, लाइकचाही नाही.

हा वाटा सुरू होण्याआधी एक उंबरठा ओलांडावा लागतो : 1000 सबस्क्राइबर आणि शिवाय 12 महिन्यांत लोकांनी पाहिलेले 4000 तास किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज.

गैरसमज : टिकटॉकने गावाकडची पोरं मालामाल केली.

वस्तुस्थिती : टिकटॉकने नाव दिलं, व्ह्यूजमागे मानधन दिलं नाही. निर्मात्यांना पैसे देणारा निधी कंपनीने अमेरिकेत जाहीर केला तो जुलै 2020 मध्ये. भारतात या ॲपवर त्याच्या आधीच, 29 जून 2020 रोजी, बंदी आली होती.

बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण हे याचं ठळक उदाहरण. आई-वडिलांचं छत्र लहानपणीच हरपलेला आणि शाळा अर्धवट सुटलेला हा मुलगा टिकटॉकमुळे घराघरांत पोहोचला. बंदीनंतर त्याला नव्या ठिकाणी पुन्हा मांड ठोकावी लागली. ऑक्टोबर 2024 मध्ये तो मराठी ‘बिग बॉस’चं पाचवं पर्व जिंकला. सूत्रसंचालक होता लातूरच्या बाभळगावचा रितेश देशमुख, त्यामुळे मराठवाड्यातही या निकालाची चर्चा रंगली. बक्षीस 14 लाख 60 हजार. लोकांच्या तोंडी राहिला तो हाच आकडा. पण अशा बक्षिसांवर सरसकट 30 टक्के प्राप्तिकर आणि त्या करावर 4 टक्के उपकर लागतो. त्या हिशेबाने साडेचार लाखांहून जास्त रक्कम करातच जाते आणि उरतात साधारण दहा लाख. पुढे, एप्रिल 2025 मध्ये, केदार शिंदे यांनी त्याला घेऊन ‘झापुक झुपूक’ हा चित्रपट केला. व्ह्यूजनी उघडून दिलेलं दार हे असं असतं. कमाई बऱ्याचदा दाराच्या पलीकडे असते.

गैरसमज : चॅनेल म्हणजे सातबारा, एकदा नावावर झाला की आपला.

वस्तुस्थिती : अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांना विचारा. कधी शाळेत न गेलेल्या या आजींनी नातू यश पाठक याच्या मदतीने 2020 मध्ये ‘आपली आजी’ हे पाककृतींचं चॅनेल गाजवलं. काही महिन्यांत लाखो सबस्क्राइबर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हॅकरांनी चॅनेलच पळवलं. पुढचे काही दिवस आजी आणि नातू हवालदिल होते. चॅनेल परत मिळालं, पण पासवर्ड गेला की वावर गेलं, हे त्यातून दिसलं. टिकटॉकवाल्यांचं तर अख्खं शिवारच एका रात्रीत गेलं होतं.

गैरसमज : इंटरनेटवर ‘एकूण संपत्ती’ लिहिलेली असते, ती खरी.

वस्तुस्थिती : अशा बहुतेक साइट दिसणाऱ्या व्ह्यूजना अंदाजे दराने गुणतात. त्यांना कॅमेरामनचा पगार दिसत नाही, गाडीवरचं कर्जही दिसत नाही.

जगात सर्वाधिक सबस्क्राइबर असलेला ‘मिस्टर बीस्ट’, म्हणजे अमेरिकेचा जिमी डोनाल्डसन, पाहा. ब्लूमबर्गने 2025 मध्ये दिलेल्या माहितीनुसार 2024 या वर्षात त्याच्या व्हिडिओ आणि कार्यक्रमांच्या धंद्याला सुमारे 8 कोटी डॉलरचा तोटा झाला. नफा दिला तो चॉकलेटने : त्याच्या ‘फीस्टेबल्स’ कंपनीला 2 कोटी डॉलरहून जास्त. व्हिडिओ ही त्याची जाहिरात, चॉकलेट हे त्याचं दुकान.

गैरसमज : चांदीचं बटण आणि फुकटचे मोबाइल म्हणजे निव्वळ फायदा.

वस्तुस्थिती : 1 लाख सबस्क्राइबर झाल्यावर मिळणारं रुपेरी बटण हा सन्मान आहे. ते चांदीचं नसतं आणि त्यासोबत रक्कमही येत नाही. कंपन्यांकडून आलेल्या वस्तूंचं म्हणाल, तर 1 जुलै 2022 पासून प्राप्तिकर कायद्यात 194 आर हे कलम आलं. प्रसिद्धीच्या बदल्यात मिळालेली वस्तू ठेवून घेतली आणि वर्षभरातल्या अशा लाभांची किंमत 20 हजारांवर गेली, तर 10 टक्के कर आधीच कापला जातो. वस्तू परत केली, तर ही कपात नाही. पैसे किंवा भेट घेऊन केलेला व्हिडिओ ‘जाहिरात’ म्हणून स्पष्ट सांगायचा, हा जाहिरात मानक परिषदेचा नियमही 2021 पासून आहे.

नांदेड-लातूरच्या कुणाला हा धंदा करायचा असेल, तर त्याने लाखाचा आकडा थोडा बाजूला ठेवून पोस्टमनची वाट पाहावी. कमाई 10 डॉलरला पोहोचली, की गूगल दिलेल्या पत्त्यावर साध्या टपालाने सहा आकडी पिन पाठवतं. तो भरून पत्ता पक्का केल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, आणि पत्ता पक्का झाला तरी खात्यात 100 डॉलर जमेपर्यंत बँकेत काही येत नाही.