वेगवान चिपची आतली गोष्ट (लेखांक ७) : २४० ओहमचा आधार

मागच्या लेखात परावर्तनाचे गणित केले होते. तार ५० ओहमची आणि तिच्या टोकाला ६० ओहमचा रोध असेल, तर तिथे पोहोचलेल्या लहरीचा ९ टक्के भाग उलटा फिरतो. टोकाचा रोध ८० ओहम झाला, की हाच आकडा २३ टक्क्यांवर जातो. डीडीआर३-१६०० मेमरीत डेटाच्या एकेका तारेवरून सेकंदाला १६० कोटी बिट जातात. एका बिटच्या वाट्याला येतात ०.६२५ नॅनोसेकंद, आणि तेवढ्या वेळात सिग्नल सर्किट बोर्डवर जेमतेम नऊ-साडेनऊ सेंटीमीटर पुढे सरकतो. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातले अंतरही याच मापाचे असते. त्यामुळे उलटा फिरलेला तुकडा मागून येणाऱ्या बिटमध्ये मिसळतो आणि एकाचा शून्य, शून्याचा एक वाचला जाण्याची भीती निर्माण होते.

यावरचा इलाज सांगायला सोपा आहे. पाठवणाऱ्या टोकाचा आउटपुट इम्पीडन्स आणि घेणाऱ्या टोकाचा रोध दोन्ही तारेशी जुळते ठेवायचे. अडचण अशी, की चिपच्या पोटात नेमका रोध बनवताच येत नाही. सिलिकॉनवर छापलेला पॉलिसिलिकॉनचा रोधक ठरल्या किमतीपेक्षा वीस टक्के इकडे-तिकडे निघाला तरी कुणाला नवल वाटत नाही. आउटपुट ड्रायव्हरमधले ट्रान्झिस्टर तर त्याहून चंचल. एका वेफरवरचे ढिले, दुसऱ्यावरचे तेज. व्होल्टेज उतरला की त्यांचा रोध चढतो, चिप तापली की पुन्हा बदलतो. या तीन कारणांना चिपवाले एका दमात ‘पीव्हीटी’ म्हणतात: प्रोसेस, व्होल्टेज, टेम्परेचर. कारखान्यात एकदा दुरुस्ती करून पहिले कारण निकालात काढता येईल, पण उरलेली दोन ग्राहकाच्या घरी, मशीन चालू असतानाच छळतात.

२००३ च्या डीडीआर२ मानकात यासाठी एक सोय होती. मेमरी कंट्रोलरने बाहेरून मेमरीचा ड्रायव्हर पारखायचा आणि ‘थोडा वाढव, थोडा कमी कर’ असे तिला कळवायचे. ती फारशी कुणी वापरली नाही. २००७ च्या डीडीआर३ ने हे काम मेमरीच्या चिपकडेच सोपवले आणि तिला एक जादा पिन दिली: झेडक्यू. या पिनपासून ग्राउंडपर्यंत २४० ओहमचा, १ टक्का अचूकतेचा एक रोधक लावायचा. मेमरीच्या पट्टीवर काळ्या चिपच्या आजूबाजूला जे मिलिमीटरभर लांबीचे ठिपके दिसतात, त्यांतच हे रोधक असतात. बाजारात तो कवडीमोलाने मिळतो, पण त्याचा रोध तापमानाने फारसा हलत नाही. पन्नास अंशांच्या फरकात साधारण अर्धा टक्का, एवढेच.

आता चिपच्या आत पाहू. ड्रायव्हर म्हणजे एक अखंड स्विच नसतो. समांतर जोडलेल्या सारख्या पायांचा तो संच असतो आणि प्रत्येक पाय २४० ओहमचा असणे अपेक्षित असते. सात पाय एकदम चालू केले की २४० भागिले ७, म्हणजे ३४ ओहमचा ड्रायव्हर मिळतो. सहा चालू केले की ४० चा. घेणाऱ्या टोकाचे ६०, १२० ओहमही याच २४० च्या भागाकारातून येतात. म्हणून एकच पाय नीट जुळवला आणि तीच जुळणी बाकीच्यांना लावली, की सगळे हिशेब एकदम जमतात. प्रत्येक पायात २४० पेक्षा मुद्दाम जरा जास्त ठेवलेला पॉलिसिलिकॉनचा रोधक असतो आणि त्याला समांतर लहान-मोठे ट्रान्झिस्टर. जितके ट्रान्झिस्टर चालू, तितका पायाचा रोध कमी.

कॅलिब्रेशनसाठी अशा एका पायाची प्रतिकृती १.५ व्होल्टचा पुरवठा आणि झेडक्यू पिन यांच्यामध्ये जोडतात. वर चिपचा पाय, खाली बाहेरचा रोधक. दोन्ही सारखे असतील, तर मधल्या बिंदूवर बरोबर अर्धा व्होल्टेज मिळेल: ०.७५. समजा पाय २७० ओहमवर आहे. मग तिथे ०.७१ च्या आसपास दिसेल. या बिंदूची पुरवठ्याच्या अर्ध्या व्होल्टेजशी तुलना करणारा कंपॅरेटर सांगतो, ‘कमी आहे’. सर्वांत मोठा ट्रान्झिस्टर चालू होतो, पाय २२२ ओहमवर येतो आणि मधला बिंदू ०.७८ वर. जास्त झाले, तो बंद करून त्याखालचा लावायचा. सराफ तराजूत आधी मोठे वजन टाकतो, जड झाले की काढतो आणि त्याहून लहान घेतो, तसेच हे चालते. असे पाच ट्रान्झिस्टर असतील, तर पाच पायऱ्यांत बत्तीसपैकी योग्य जुळणी हाती लागते. मग जुळलेल्या वरच्या पायाची प्रत प्रमाण मानून त्याच रीतीने खालचा, ग्राउंडकडे ओढणारा पाय जुळवतात. वरच्यात राहिलेली चूक अर्थातच खालच्यातही उतरते.

मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की चिप इथे ओहम मोजतच नाही. ती फक्त दोन गोष्टींची तुलना करते. पुरवठा १.५ वरून १.४५ वर घसरला तरी तुलनेचा अर्धा व्होल्टेजही त्याच प्रमाणात घसरतो आणि तुलना बिघडत नाही. सिलिकॉनला अचूक किंमत जमत नाही, पण तुलना उत्तम जमते. या स्वभावाला धरून केलेली ही रचना आहे.

मशीन सुरू झाल्यावर पहिले, लांबलचक कॅलिब्रेशन ५१२ क्लॉकचे असते. नंतर अधूनमधून ६४ क्लॉकचे छोटे, जे निदान अर्धा टक्का चूक भरून काढते. ते किती वेळाने करावे, याचे मानकात उदाहरण आहे. रोध अंशामागे १.५ टक्के आणि मिलिव्होल्टमागे ०.१५ टक्के सरकतो, चिप सेकंदाला १ अंश तापते आणि व्होल्टेज सेकंदाला १५ मिलिव्होल्ट हलतो असे धरले, तर सेकंदाला ३.७५ टक्के चूक साचते. अर्धा टक्का साचायला साधारण १३३ मिलिसेकंद लागतात. त्याच्या आत पुढची दुरुस्ती हवी. दर वेळी खर्च होतात अवघे ८० नॅनोसेकंद. मात्र तेवढा वेळ मेमरी आणि कंट्रोलर यांच्यातल्या चॅनलवर पूर्ण शांतता लागते, आणि दोन चिपमध्ये एकच रोधक असेल तर दोघींनी एकाच वेळी त्याच्याकडे वळून चालत नाही. हा खोळंबा कमी व्हावा म्हणून डीडीआर५ मध्ये ‘कॅलिब्रेशन सुरू कर’ आणि ‘मिळालेली जुळणी लागू कर’ अशा दोन वेगळ्या आज्ञा आहेत.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. झेडक्यूच्या रोधकाचा सोल्डर सुटला, तर मधला बिंदू थेट पुरवठ्याकडे ओढला जातो. चिपला वाटते पाय फार कमी रोधाचा आहे. ती एकेक ट्रान्झिस्टर बंद करत शेवटाला जाऊन अडकते आणि ड्रायव्हर दुबळा होतो. रोधक शॉर्ट झाला, तर नेमके उलटे होते. दोन्हींत मेमरी पूर्ण मेलेली दिसेलच असे नाही. कमी वेगावर ती चालू शकते आणि वेग वाढवला किंवा चिप तापली की चुका करू लागते. अशा पट्टीवर चिप बदलायला घेण्याआधी, मशीन बंद करून, तो ठिपका मल्टिमीटरने तपासून पाहावा.

(पुढील लेखांकात : डेटा नेमका कोणत्या क्षणी वाचायचा, हे कंट्रोलर कसे शिकतो)