गुडघा निखळतो तेव्हा

दुचाकी घसरते, गुडघा दुभाजकावर आपटतो आणि मांडीचं हाड नडगीपासून सुटतं. पुष्कळदा ते आपोआप जागेवर बसतं. मग एक्स-रे बराचसा नीट दिसतो, ‘मुका मार आहे’ म्हणून क्रेप बँडेज बांधलं जातं. खरा धोका इथेच आहे.

गुडघ्याला धरून ठेवणारे मुख्य अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, चार : आत फुलीसारखे दोन, दोन्ही बाजूंना एकेक. यातले दोन-तीन एकदम तुटले, की गुडघ्यामागची धमनीही फाटलेली असू शकते. ती वरखाली जखडलेली असते, तिला सरकायला जागाच नसते. म्हणून आधी पावलावरची नाडी चाचपायची, घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहायचा. गुणोत्तर ०.९ च्या खाली आलं, तर धमनीची तपासणी तातडीने हवी. रक्तपुरवठा ६ ते ८ तासांत पूर्ववत झाला नाही, तर पाय गमावण्याची वेळ येते. रुग्णाला पायाचा अंगठा वर उचलता येतो का, हेही बघायलाच हवं; बाहेरच्या बाजूने जाणारी नस दुखावली असेल तर पाऊल लोंबतं.

अस्थिबंधांची पाळी त्यानंतर. आतले बंध नुसते शिवून सहसा टिकत नाहीत. मांडीमागचा टेंडन काढतात, हाडांत बोगदे पाडून त्यातून ओवतात, स्क्रूने पक्का करतात. बाहेरच्या बाजूची दुरुस्ती शक्यतो पहिल्या ३ आठवड्यांत करतात.

पुढचे ९ ते १२ महिने फिजिओथेरपीचे. सुरुवात साधीच : टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा सरळ करायचा.