मँडरिन मासा उपाशी का मरतो? घरच्या बादलीत जिवंत खाद्य

आपल्या वस्त्यांमधील बरीच मुले आज शोभेच्या माशांच्या धंद्यात आहेत. कोणी कुर्ल्याच्या बाजारात पिशव्या भरतो, कोणी हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या आणि बंगल्यांच्या टाक्या साफ करतो. गोड्या पाण्याच्या टाकीचे काम मुले बघून बघून शिकतात. खाऱ्या पाण्याची टाकी मात्र वेगळे प्रकरण आहे. तिच्यात मँडरिन नावाचा निळ्या-नारिंगी नक्षीचा लहानसा मासा मालक हौसेने आणतो, आणि दोन-तीन महिन्यांत तो वाळून मरतो. मग बोलणी कोणाला? टाकी धुणाऱ्या पोराला! "पाणी नीट बदलले नाहीस" म्हणून पगार कापला गेल्याचे आम्ही एकाहून अधिक घरांतून ऐकले आहे. म्हणून या अंकात हा विषय घेत आहोत.

दोष बहुतेक वेळा पाण्याचा नसतो, तो मासा उपाशी मेलेला असतो. मँडरिनला डबीतले कोरडे खाद्य सहसा समजतच नाही. तो दिवसभर दगडांवरून फिरत एक एक बारीक जीव टिपून खातो. त्या जीवांना कोपेपॉड म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ वल्ह्यासारखे पाय असलेला. कोळंबी-खेकड्यांच्या गणगोतातलाच हा प्राणी, पण आकाराने मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान. टाकीतले कोपेपॉड संपले की माशाचे पोट आत जाते, डोक्यामागचा भाग चिमटल्यासारखा दिसतो. हे दिसले की पाणी बदलून काही होत नाही, जिवंत खाद्यच द्यावे लागते. ते घरी, दहा लिटरच्या बादलीत तयार करता येते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना इथे एक शंका येईल आणि ती रास्त आहे. नारू आठवतो ना? पायातून हातभर लांब धागा निघायचा, माणूस महिना-महिना अंथरुणाला खिळायचा. तो रोग ज्या सायक्लॉप्समुळे पाण्यातून पोटात जायचा, तोही एक कोपेपॉडच, परंतु गोड्या पाण्यातला. नारूची अळी त्याच्या पोटात असे. माणूस पायविहिरीचे पाणी न गाळता प्यायला की सुमारे वर्षभराने पायाला फोड यायचा आणि जंत बाहेर पडू लागायचा. आग थांबावी म्हणून माणूस तोच पाय विहिरीत बुडवायचा आणि नव्या अळ्या पाण्यात सुटायच्या. आपला महाराष्ट्रही नारूग्रस्त राज्यांत होता. पायविहिरींच्या जागी पाणी शेंदायच्या विहिरी आणि हातपंप आले, पाणी फडक्याने गाळण्याची सवय लागली, तेव्हा हा रोग हटला. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. समुद्रातल्या कोपेपॉडांपासून नारू होत नाही. तरीही ती बादली पिण्याच्या पाण्यापासून दूर ठेवावी, हे सांगायला नको.

दुसरी शंका आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकली. एका खोलीत आई मुलाला म्हणत होती, "अरे, बादलीत किडे पाळतोस, डास होतील त्यात!" मुलगा म्हणाला, "आई, वर फडके बांधतो. आणि यांचे गोड्या पाण्यातले भाऊबंद डासांच्या अळ्या खातात." पोराचे खरे होते. व्हिएतनाममध्ये पाण्याच्या रांजणांत असे कोपेपॉड सोडून डेंग्यूच्या डासांना आळा घालण्यात आला आहे.

आता कृती. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते एक दिवस हवा सोडून ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीनमारक थेंब घालावेत. त्यात समुद्री मीठ लिटरला तीस-पस्तीस ग्रॅम विरघळवावे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, त्यात समुद्रातले बाकीचे क्षार नसतात. चौपाटीचे पाणीही आणू नये, मुंबईच्या किनाऱ्याला काय काय येऊन मिळते ते आपल्याला ठाऊक आहे. हायड्रोमीटरवर १.०२० ते १.०२५ दिसले की पुरे. एअर पंपाची नुसती नळी सोडावी, बुडबुडे मोठे आणि सावकाश हवेत, जोरात सोडले तर पिले मरतात. बादली उन्हात ठेवू नये.

बियाणे विकत घेतलेच पाहिजे असे नाही. जुन्या, तब्येतीच्या खाऱ्या टाकीत रात्री एका लहान बाटलीत गाळणीचा कापूस घालून ठेवावी. कोपेपॉड अंधारात बाहेर पडतात आणि कापसात शिरतात. सकाळी तो कापूस बादलीत झटकावा. विकत घ्यायचेच तर टिग्रिओपस ही जात चिवट. ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खडकांतल्या डबक्यांत राहते, जिथे ऊन, पाऊस आणि लाटांनी पाणी सारखे बदलत असते.

खरी मेहनत आहे ती त्यांच्या जेवणाची. त्यांना हिरवे पाणी, म्हणजे समुद्री सूक्ष्म शेवाळ लागते. पारदर्शक बाटलीत खारे पाणी, शेवाळाचे बियाणे, त्याचे खत, हवा आणि ट्यूबलाइटचा उजेड दिला की आठ-दहा दिवसांत बाटली गडद हिरवी होते. बादलीत ते इतकेच ओतावे की पाण्याला फिकट हिरवी छटा यावी. पाणी पांढरे स्वच्छ झाले की पुन्हा द्यावे. जास्त दिले तर तळाशी कुजते आणि एका रात्रीत सगळे मरते. कामाचा कंटाळा म्हणून स्पिरुलिनाची पूड टाकणारे आहेत, परंतु पाणी बिघडण्याचा धोका तिच्यात अधिक. आणि एक सांभाळा: बादलीत बुडवलेली नळी शेवाळाच्या बाटलीत घालू नये. चार कोपेपॉड तिथे गेले तरी पुढे सगळे शेवाळ फस्त होते!

पाणी आटले तर साधे, क्लोरीन काढलेले पाणी घालावे, खारे नव्हे. वाफ पाण्याची होते, मीठ खाली राहते.

दोन-तीन आठवड्यांत माद्यांच्या शेपटीशी अंड्यांच्या पिशव्या दिसू लागतात. काढताना हवा बंद करून पाणी निवू द्यावे, तळाचा गाळ सोडून पाव भाग पाणी नळीने बारीक जाळीत गाळावे आणि तितकेच नवे खारे पाणी भरावे. गाळलेले जीव मालकाच्या टाकीत दिवे बंद झाल्यावर, पंप काही वेळ थांबवून सोडावेत, म्हणजे दगडांत लपायला त्यांना वेळ मिळतो.

या कामाला बाजारही आहे. माशांच्या काही जातींच्या पिलांचे तोंड इतके लहान असते की आर्टेमियाची पिलेही त्यांना मोठी पडतात, तिथे कोपेपॉडची पिलेच चालतात. केरळात विळिंजम येथे केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ म्हणूनच कोपेपॉड वाढवतात. याच संस्थेच्या तामिळनाडूतील मंडपम केंद्राने महिला बचत गटांना क्लाउन मासे वाढवायला शिकवले आहे. आपल्या भगिनींच्या गटांनी चौकशी करावी. मात्र धंदा करताना कायदा पाहा. समुद्री घोडा आणि प्रवाळ यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. कोणी मालक ते आणायला सांगत असेल तर सरळ नाही म्हणावे, पकडला जातो तो आणणारा.

शेवटी, बादल्या दोन ठेवाव्यात आणि खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवाव्यात. एक बिघडली तर दुसरीतून बियाणे मिळते. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा सेलवर चालणारा पंप नसेल, तर तासा-दोन तासांनी पेल्याने पाणी हलक्या हाताने ढवळले तरी रात्र निघते.