प्रतीक्षायादीच्या छायेतील साम्राज्य

कळंबहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अलीकडे विजेवर चालणारी चेतक स्कूटर अधूनमधून दृष्टीस पडते. नाव जुने, आवाज मात्र नाही. या चेतकच्या कंपनीने मध्यंतरी स्कूटर बनविणेच सोडून दिले होते, हे माझ्या वर्गात एकाही विद्यार्थ्याला ठाऊक नव्हते. वस्तुतः ज्या बजाज घराण्याचे नाव आपल्या शेजारच्या वर्ध्याशी कायमचे निगडित आहे, त्याच्या उद्योगाचा हा इतिहास मक्तेदारीच्या प्रकरणापेक्षा अधिक काही शिकवून जातो.

बजाज ऑटोने इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या सहकार्याने स्कूटर बनविण्यास प्रारंभ केला. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. काळ परवाना पद्धतीचा होता. किती वाहने काढावीत हे कारखानदार नव्हे, दिल्ली ठरवीत असे. परिणामी नोंदणी केलेल्या कारकुनाला वा शिक्षकाला नंबर लागण्याची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. थंडीच्या सकाळी स्कूटर एका अंगावर कलती करून मग किक मारावी, ही विद्या घरोघर अवगत होती! गिऱ्हाईकच वाहनाशी जुळवून घेत होते.

रांग लागलेली असताना माल सुधारण्याची निकड कोणाला भासणार? ज्याची बाजारपेठ आधीच हाती आहे, त्याला नव्या शोधातून मिळणारा वाढावा नवख्याच्या मानाने कमी असतो, हे केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते. तथापि सारा दोष कंपनीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. उत्पादनवाढीवरील निर्बंधांचे राहुल बजाज हे उघड टीकाकार होते.

१९८५ मध्ये हिरो होंडाची चार स्ट्रोक इंजिनाची मोटारसायकल आली. कमी पेट्रोल पिणारी, मोठ्या चाकांची. आपल्याकडील काळ्या मातीच्या पांदणीतून कापसाचे गाठोडे लादून जायचे, तर स्कूटरची लहान चाके काय कामाची? शेतकऱ्याने हे गणित तज्ज्ञांच्या आधी सोडविले. बजाजनेही कावासाकीच्या साहाय्याने मोटारसायकल काढली होती. पण भिस्त स्कूटरवरच राहिली. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस पारडे फिरले, आणि २००१ मध्ये हिरो होंडा संख्येने जगातील सर्वांत मोठी दुचाकी कंपनी ठरली.

त्याच वर्षी बजाजने पल्सर आणली आणि कंपनी तरली. माझ्या मते खरे मर्म येथे आहे. आरंभीच्या वर्चस्वाने बजाजला यश टिकवून दिले नाही; त्याने दिला तो वेळ. साठविलेला पैसा, गावोगावचे विक्रेते, हाताशी असलेले कुशल कामगार यांच्या जोरावर एक मोठी चूक पचविता आली. अमेरिकेतील कोडॅकपाशीही असाच वेळ होता. तिच्याच अभियंत्याने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा तयार केला होता. पण फिल्मच्या नफ्याला धक्का लावणे जिवावर आले, आणि २०१२ मध्ये कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

दुसरी चूक बजाजने २००९ मध्ये केली. स्कूटर संपली असे समजून ते क्षेत्रच सोडले, आणि विनागिअरच्या ॲक्टिवाने ते होंडाला मिळवून दिले. खुद्द राहुल बजाज यांनी या निर्णयाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

२०२० मध्ये चेतक विजेवर परतली. २०२२ मध्ये आकुर्डीला तिच्यासाठी नवा कारखाना उभा राहिला. पण २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घालताच तिचे उत्पादन घटले. इटलीचा परवाना १९७१ मध्ये संपला तेव्हा यंत्रे आणि कारागीर पुण्यातच होते. या चुंबकांवरची प्रक्रिया मात्र मुख्यत्वे चीनच्या हाती आहे. वर्गातील मुलांनी तासानंतर विचारले, की मग आपल्याकडे हे काम कोण करीत आहे? त्यातल्या दोघांना अभियांत्रिकीला जायचे आहे.