बोधचित्रकाराचा व्यवसायप्रवेश

उत्तम चित्र काढता येणे आणि बोधचित्रकार म्हणून उपजीविका करता येणे या दोन भिन्न गोष्टी होत. चित्रकार स्वतःच्या मनातील विषय रंगवतो. बोधचित्रकाराला मात्र दुसऱ्याने लिहिलेला मजकूर, दुसऱ्याने ठरवलेला आकार आणि दुसऱ्याने घातलेली मुदत यांच्या मर्यादेत राहून आपली कल्पना मांडावी लागते.

या व्यवसायात शिरण्याचा रूढ मार्ग नोकरीतून जातो. सत्यजित राय यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. शांतिनिकेतनच्या कलाभवनातील अभ्यासक्रम पुरा न करताच ते कलकत्त्यास परतले आणि १९४३ मध्ये डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरात संस्थेत दरमहा ८० रुपयांवर रुजू झाले. त्याच संस्थेतील दिलीपकुमार गुप्त यांनी सिग्नेट प्रेस ही प्रकाशनसंस्था काढली, तेव्हा मुखपृष्ठांचे काम त्यांनी राय यांच्याकडे सोपवले. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती निघाली, तिची चित्रेही राय यांनीच काढली. १९५५ साली प्रदर्शित झालेला त्यांचा पहिला चित्रपट याच कादंबरीवर आधारलेला होता. नोकरीने चरितार्थ चालवला. पुढचे काम देणारा माणूसही तेथेच भेटला.

ज्याला अशी नोकरी मिळत नाही, त्याची भिस्त नमुनाचित्रांच्या संग्रहावर असते. त्यात दहा-बारा निवडक चित्रे पुरेशी होतात. संपादक त्यांत केवळ रेषेचे सौंदर्य पाहत नाही. एकच पात्र निरनिराळ्या प्रसंगांत ओळखू येते काय, मजकुरासाठी जागा सोडली आहे काय, एकरंगी चित्रही तितकेच परिणामकारक आहे काय, हे तो तपासतो. म्हणून एखादी परिचित लोककथा घेऊन तिची चार-पाच सलग पृष्ठे सजवून दाखवणे, सुट्या चित्रांपेक्षा अधिक उपयुक्त ठरते. मुद्रणाचे ज्ञानही आवश्यक आहे. संगणकाच्या पडद्यावरील रंग प्रकाशाचे असतात. छपाईत ते निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाईंतून साधावे लागतात व साहजिकच काहीसे मंद उतरतात.

काम मिळाल्याच्या आनंदात नवशिका चित्रकार बहुधा एक गोष्ट विसरतो, ती म्हणजे लेखी करार. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा प्रथम हक्क सामान्यतः मालकाकडे जातो. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या रंगचित्राचा हक्कही, विरुद्ध करार नसल्यास, काम सांगणाऱ्याचाच ठरतो. हक्क हस्तांतरित करायचा तर लेखी व स्वाक्षरीयुक्त दस्तऐवज लागतो. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची आणि क्षेत्र नमूद नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. हक्क विकल्यानंतरही चित्राचा कर्ता म्हणून मान्यता मागण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो.

तेव्हा काम स्वीकारण्यापूर्वीच काही गोष्टी कागदावर याव्यात: चित्रे किती, कच्च्या रेखाटनानंतर बदल किती वेळा करायचे, मोबदला केव्हा मिळायचा, दुसऱ्या आवृत्तीत वा अन्य भाषेत चित्रे वापरल्यास काय, मूळ चित्रे परत कोणाकडे जायची आणि पुस्तकात नाव कोठे छापायचे. हे प्रश्न विचारल्याने काम हातचे जाईल, ही भीती नवशिक्याला स्वाभाविकपणे वाटते. परंतु एका पुस्तकाच्या किमतीत पुढील सर्व आवृत्त्यांचा हक्क देऊन बसण्यापेक्षा ती भीती बाजूला सारणे केव्हाही श्रेयस्कर होय.